अणू, रासायनिक नियम आणि आवर्तसारणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

त्याच शंका फिरून फिरून येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते. सुरुवातीचे प्रश्न पायाचे आहेत, पुढचे अपवादांचे. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल, आणि जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. वेळ कमी असेल तर आधी प्रश्न ११ वाचा. आवर्तसारणीबद्दल येणाऱ्या बहुतेक शंका ‘केंद्रक किती जोरानं ओढतं आणि मध्ये कोण आडवं येतं’ इथेच येऊन थांबतात.

१. मूलद्रव्य, अणू, रेणू, संयुग हे शब्द डोक्यात एकमेकांत मिसळतात. नेमका फरक काय?

अणू हा एक कण. मूलद्रव्य म्हणजे एकाच जातीच्या अणूंचा पदार्थ, आणि जात ठरते केंद्रकातल्या प्रोटॉनच्या संख्येवरून. ६ प्रोटॉन असले की तो कार्बन, मग बाकी काहीही असो. अणू एकमेकांना बांधले गेले की रेणू. ते एकाच मूलद्रव्याचे असले तरी चालतात, जसे ऑक्सिजनचे दोन. वेगवेगळी मूलद्रव्यं ठरावीक प्रमाणात रासायनिक बंधानं जोडली गेली की संयुग.

गोची होते ती सोडिअम क्लोराइडपाशी. ‘सोडिअम क्लोराइडचा रेणू’ असं सर्रास लिहिलं जातं, पण त्याच्या स्फटिकात सोडिअमचे आणि क्लोरीनचे आयन (इलेक्ट्रॉन देऊन किंवा घेऊन प्रभारित झालेले अणू) एकाआड एक रचलेले असतात. कुठला सोडिअम कुठल्या क्लोरीनचा, हे सांगताच येत नाही. तिथे सुटा रेणू नसतो, फक्त १:१ हे प्रमाण असतं.

२. अणुअंक आणि अणुवस्तुमानांक यांत दर वेळी घोळ होतो. लक्षात कसं ठेवू?

अणुअंक म्हणजे फक्त प्रोटॉन. अणुवस्तुमानांक म्हणजे प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन. सोडिअमचा अणुअंक ११ आणि अणुवस्तुमानांक २३, म्हणजे न्यूट्रॉन १२. इलेक्ट्रॉन या बेरजेत धरत नाहीत, कारण एका इलेक्ट्रॉनचं वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १/१८३६ इतकंच असतं. आयन झाला की इलेक्ट्रॉनचा आकडा बदलतो, वरचे दोन्ही अंक जागचे हलत नाहीत.

३. अणू आतून जवळजवळ पोकळ असतो म्हणे. मग माझा हात टेबलातून आरपार का जात नाही?

केंद्रक किती लहान असतं हे आधी पाहू. १९०९ मध्ये रुदरफोर्डच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन यांनी धातूच्या अतिपातळ पत्र्यावर अल्फा कण (धन प्रभाराचे जड, वेगवान कण) सोडले. बहुतेक सरळ पार गेले, पण हजारोंमध्ये एखादा चक्क उलटा फिरला. त्यावरून १९११ मध्ये रुदरफोर्डनं केंद्रकाची कल्पना मांडली. अणूचा व्यास केंद्रकाच्या साधारण लाखपट असतो. केंद्रक १ सेंटिमीटरच्या गोटीएवढं धरलं, तर अणू १ किलोमीटर रुंद होईल.

पण ‘पोकळ’ या शब्दानं फसू नका. ती सगळी जागा इलेक्ट्रॉनांनी व्यापलेली असते. कणांच्या गर्दीनं नव्हे, तर ढगासारखी. हाताच्या अणूंचे ढग टेबलाच्या अणूंच्या ढगांना भिडले, की ऋण प्रभार एकमेकांना ढकलतात, आणि शिवाय दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत हा पाउलीचा नियमही आड येतो. अल्फा कण सुटला कारण तो जड होता आणि प्रचंड वेगात होता. हाताला ती सोय नाही.

४. इलेक्ट्रॉन ग्रहांसारखे फिरतात ना? मग ऊर्जा गमावून केंद्रकात कोसळत का नाहीत?

ही शंका रुदरफोर्डच्या काळातच निघाली होती आणि ती रास्त होती. फिरणाऱ्या प्रभारानं ऊर्जा बाहेर टाकत टाकत क्षणार्धात केंद्रकात पडायला हवं. १९१३ मध्ये बोरनं ठरावीक कक्षांची अट घातली आणि हायड्रोजनच्या वर्णपटातल्या रेषा तिनं बिनचूक निघाल्या. पण अट ‘का’ पाळायची, याचं उत्तर पुढच्या दशकात पुंजयामिकीनं (क्वांटम मेकॅनिक्सनं) दिलं. इलेक्ट्रॉनला जितक्या लहान जागेत कोंबावं, तितकी त्याची गतिज ऊर्जा वाढते. केंद्रकाची ओढ आणि ही वाढती ऊर्जा यांचा मेळ जिथे बसतो, तिथे अणूचा आकार ठरतो.

बोरच्या वर्तुळांची आकृती कवचातले इलेक्ट्रॉन मोजायला झकास आहे. हिशेबाची वही म्हणून ती वापरा, अणूचा फोटो म्हणून नको.

५. न्यूट्रॉनला प्रभारच नाही. मग तो तिथे करतो काय?

धन प्रभाराचे प्रोटॉन एकमेकांना दूर लोटत असतात. न्यूट्रॉन त्या भांडणात पडत नाही, पण केंद्रकाला बांधून ठेवणाऱ्या बलात मात्र हातभार लावतो. साध्या हायड्रोजनमध्ये एकच प्रोटॉन असल्यानं त्याचं न्यूट्रॉनवाचून अडत नाही. प्रभार नसल्यामुळेच तो सापडायला चॅडविकच्या प्रयोगापर्यंत, म्हणजे १९३२ पर्यंत, वाट पाहावी लागली.

६. क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५ कसं? अर्धा न्यूट्रॉन असतो का?

नसतो. निसर्गात क्लोरीनचे साधारण ७६ टक्के अणू ३५ वस्तुमानांकाचे आणि २४ टक्के ३७ चे असतात. या दोन समस्थानिकांची भारित सरासरी ३५.४५ येते. ३५.४५ वस्तुमानाचा एकही अणू कुठेच सापडणार नाही.

७. पदार्थ जळला की हलका होतो, हे डोळ्यांनी दिसतं. मग द्रव्य अक्षय्यतेचा नियम कुठे गेला?

मेणबत्ती हलकी होते, कारण तिच्यापासून झालेला कार्बन डायऑक्साइड आणि वाफ हवेत निघून जातात. तराजूवर राहतं ते उरलेलं मेण. लाव्हाझिएचं मोठेपण हे, की त्यानं बंद भांड्यात वजनं केली आणि वायूही हिशेबात धरले.

उलटा अनुभव घ्यायचा तर मॅग्नेशिअम जाळून पाहा. २.४ ग्रॅम मॅग्नेशिअमपासून ४.० ग्रॅम पांढरी भुकटी मिळायला हवी, वरचे १.६ ग्रॅम हवेतल्या ऑक्सिजनचे. मी पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा वजन बरंच कमी भरलं आणि मी निमूटपणे वहीत ‘४.०’ लिहून टाकलं. चूक दोन ठिकाणी होती. मुशीचं झाकण मी सताड उघडं ठेवलं होतं, त्यामुळे जो पांढरा धूर कौतुकानं बघत बसले तोच माझा मॅग्नेशिअम ऑक्साइड होता, उडून चाललेला. दुसरं, तापलेलं मॅग्नेशिअम हवेतल्या नायट्रोजनशीही संयोग पावतं, आणि त्या नायट्राइडमध्ये वजनाची भर कमी पडते. म्हणून जाणकार लोक झाकण अधूनमधून किंचित उचलतात, आणि मूस गार झाल्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून पुन्हा तापवतात. तेव्हा अमोनियाचा हलका वास येतो. तो नायट्राइडचाच पुरावा.

‘मग आइन्स्टाइनचं काय? त्याच्या मते ऊर्जेलाही वस्तुमान असतं ना?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. १२ ग्रॅम कार्बन जळताना सुमारे ३९४ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. तेवढ्या ऊर्जेचं वस्तुमान भरतं ग्रॅमच्या साधारण २३ कोटीव्या भागाएवढं. प्रयोगशाळेतल्या तराजूला याचा पत्ताही लागत नाही.

८. स्थिर प्रमाणाचा आणि गुणित प्रमाणाचा नियम एकच वाटतात. फरक कुठे?

पहिला एका संयुगाबद्दल आहे, दुसरा त्याच दोन मूलद्रव्यांच्या अनेक संयुगांबद्दल. पाणी कुठूनही आणा, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं वजनी प्रमाण १:८ च, हा प्रूस्तचा स्थिर प्रमाणाचा नियम. आता नायट्रोजनची ऑक्साइडं घ्या. १४ ग्रॅम नायट्रोजनमागे ऑक्सिजन किती लागतो? संयुगानुसार ८, १६, २४, ३२ किंवा ४० ग्रॅम. म्हणजे १:२:३:४:५. मधलं काही नाही, ११ नाही की १९ नाही. डाल्टनच्या डोक्यात अणू पक्का बसला तो असल्या आकड्यांनी. पदार्थ सलग असता तर जिने कशाला, उतार चालला असता.

९. या प्रमाणांच्या नियमांना अपवाद आहेत का?

आहेत, आणि तिन्ही बोलके आहेत.

एक, समस्थानिकं. जड पाण्यात हायड्रोजनऐवजी ड्युटेरिअम असतं, तिथे वजनी प्रमाण १:४ होतं. नियम अणूंच्या संख्येचा आहे, आपण वजनं मोजतो, म्हणून हा फरक.

दोन, काही घन पदार्थ. वुस्टाइट नावाच्या लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये ऑक्सिजनच्या १०० अणूंमागे लोखंडाचे साधारण ८५ ते ९५ च असतात, कारण स्फटिकात लोखंडाच्या काही जागा रिकाम्या राहतात. प्रूस्तशी बर्थोलेनं वर्षानुवर्षं वाद घातला होता, की प्रमाण बदलू शकतं. तो वाद बर्थोले हरला. पण अशा पदार्थांना आज बर्थोलाइड म्हणतात, म्हणजे हरूनही नाव राहिलं.

तीन, ‘लहान पूर्णांक’ हे शब्द. डेकेनच्या रेणूत कार्बन १० आणि हायड्रोजन २२, अनडेकेनमध्ये ११ आणि २४. सारख्याच कार्बनमागे हायड्रोजनचं गुणोत्तर काढलं तर येतं १२१:१२०. पूर्णांक आहेत, लहान मुळीच नाहीत.

१०. डाल्टननं पाण्याचं सूत्र चुकीचं मानलं होतं, हे खरं का?

खरं. एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, असं त्यानं धरलं. सर्वांत साधी जोडी म्हणून. त्या हिशेबानं १:८ या प्रमाणातून ऑक्सिजनचं अणुवस्तुमान ८ च निघतं, १६ नव्हे. १८०८ मध्ये गे-ल्युसॅकनं दाखवलं, की हायड्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचा १ भाग आकारमानानं घेतला तर वाफेचे २ भाग मिळतात. १८११ मध्ये अ‍ॅव्होगाड्रोनं याचा अर्थ लावला: सारख्या तापमानाला व दाबाला सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखी, आणि ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा. उत्तर समोर होतं, पण ते सर्वांच्या गळी उतरायला जवळजवळ ५० वर्षं गेली. १८६० च्या कार्ल्सरूह परिषदेत कानिझारोनं ते पुन्हा मांडलं. ऐकणाऱ्यांत तरुण मेंडेलीव्ह होता. अणुवस्तुमानांचे खात्रीचे आकडे हाती आले नसते तर त्याची सारणी जुळलीच नसती.

११. आवर्तात (सारणीच्या आडव्या ओळीत) डावीकडून उजवीकडे इलेक्ट्रॉन वाढतात, तरी अणू लहान का होतो?

बाहेरच्या इलेक्ट्रॉनच्या जागी उभं राहून पाहा. केंद्रक तुम्हाला आत ओढतंय. आतल्या कवचातले इलेक्ट्रॉन मध्ये उभे आहेत आणि त्या ओढीचा बराच भाग झाकतात. शिल्डिंग म्हणतात तो हा आडोसा. तुमच्याच कवचातले शेजारी मात्र आडोसा फारसा करत नाहीत, ते बाजूला आहेत, मध्ये नाहीत.

सोडिअमपासून क्लोरीनपर्यंत प्रोटॉन ११ चे १७ होतात, पण आतले इलेक्ट्रॉन १० चे १० च राहतात. नवे सगळे बाहेरच्या कवचात, म्हणजे आडोशाला निकामी. ओढ वाढते, अणू आवळतो: सोडिअमची त्रिज्या १८६ पिकोमीटर, क्लोरीनची ९९. गणात (सारणीच्या उभ्या स्तंभात) खाली जाताना मात्र दर पायरीला नवं कवच चढतं, अंतर आणि आडोसा दोन्ही वाढतात, अणू मोठा होतो.

आयनांनाही हेच लावा. सोडिअमनं बाहेरचं कवचच गमावलं की १०२ पिकोमीटर. क्लोरीननं एक इलेक्ट्रॉन घेतला की गर्दी वाढून १८१.

१२. तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात, मग पोटॅशिअमचं संरूपण २, ८, ९ का नाही? २, ८, ८, १ का?

बहुधा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. मावणं वेगळं आणि आधी भरणं वेगळं. कवचाचे पोटभाग म्हणजे उपकवचं, त्यांना एस, पी, डी, एफ म्हणतात, आणि पुढचा आकडा कवचाचा. तिसऱ्या कवचाचं ३डी उपकवच पोटॅशिअमपाशी ऊर्जेनं ४एसच्या वर असतं, कारण ४एसचा इलेक्ट्रॉन अधूनमधून केंद्रकाच्या अगदी जवळ डोकावतो आणि आडोशातून सुटतो. म्हणून १९वा आणि २०वा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात जातो, आणि २१व्या स्कँडिअमपासून ३डी भरायला लागतं: २, ८, ९, २.

इथून पुढे एक सापळा आहे. लोखंड २, ८, १४, २ असं असतं, पण आयन होताना आधी जातात ते चौथ्या कवचातले दोन. ‘शेवटी भरलेला आधी बाहेर’ हे इथे चालत नाही, सर्वांत बाहेरचा आधी बाहेर. क्रोमिअम (२, ८, १३, १) आणि तांबं (२, ८, १८, १) हे दोन पाठच करून ठेवा. शाळेत दिलं जाणारं ‘अर्धं भरलेलं उपकवच स्थिर’ हे कारण अर्धवट आहे. खालच्या ओळींत ते पुरत नाही.

१३. आयनीभवन ऊर्जा उजवीकडे वाढते म्हणता. मग बोरॉन आणि ऑक्सिजनपाशी ती घसरते का?

आयनीभवन ऊर्जा म्हणजे अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा. दुसऱ्या आवर्तातले आकडे किलोज्यूल प्रति मोलमध्ये असे: लिथिअम ५२०, बेरिलिअम ९००, बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्लोरीन १६८१, निऑन २०८१. चढ आहेच, त्यात दोन खड्डे.

बोरॉनचा शेवटचा इलेक्ट्रॉन २पी मध्ये आहे. तो २एसपेक्षा वरच्या पातळीवर आणि थोडा आडोशाला, म्हणून सहज निघतो. नायट्रोजनच्या तीन २पी कक्षकांत, म्हणजे उपकवचातल्या खोल्यांत, एकेक इलेक्ट्रॉन ऐसपैस राहतो. ऑक्सिजनच्या चौथ्याला कुणाच्या तरी खोलीत भागीदार म्हणून शिरावं लागतं. दोघांचं पटत नाही, एक लवकर बाहेर पडतो. तिसऱ्या आवर्तात अ‍ॅल्युमिनिअम आणि गंधकापाशी हेच खड्डे पुन्हा दिसतात.

१४. सोडिअमला अष्टक (बाहेरच्या कवचात ८ इलेक्ट्रॉन) पूर्ण करायचं असतं म्हणून तो इलेक्ट्रॉन देतो, बरोबर?

उत्तर लिहिताना चालून जातं, पण अणूला काही ‘हवं’ नसतं. सोडिअमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायलाही ४९६ किलोज्यूल प्रति मोल मोजावे लागतात. तो फुकट देत नाही. हा खर्च भरून निघतो तो मुख्यतः आयन एकत्र येऊन स्फटिक रचतात तेव्हा. दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या कवचातला, त्याची किंमत ४५६२. तेवढी वसुली कुठूनच होत नाही, म्हणून सोडिअम एकावर थांबतो. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती ६ च इलेक्ट्रॉन, सल्फर हेक्झाफ्लोराइडमध्ये गंधकाला सहा बंध. अष्टक हा चांगला अंदाज आहे, कायदा नव्हे.

१५. गणात खाली जाताना अल्क धातू (लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम वगैरे) अधिक क्रियाशील होतात आणि हॅलोजन (फ्लोरीन, क्लोरीन वगैरे) कमी. एकाच कारणाचे दोन उलटे परिणाम कसे?

कारण एकांना इलेक्ट्रॉन सोडायचा आहे, दुसऱ्यांना ओढून घ्यायचा. खाली पकड सैल (प्रश्न ११). सोडणाऱ्याला ते सोयीचं, घेणाऱ्याला गैरसोयीचं.

१६. मग इलेक्ट्रॉन घेताना सर्वांत जास्त ऊर्जा फ्लोरीननं सोडायला हवी. तक्त्यात क्लोरीन पुढे कसा?

तक्ता बरोबर आहे: क्लोरीन ३४९, फ्लोरीन ३२८ किलोज्यूल प्रति मोल. फ्लोरीन इतका लहान, की नव्या पाहुण्याला तिथल्या सात जणांची दाटी सोसावी लागते. पण विद्युतऋणतेत, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्यात, पाउलिंगच्या मापावर फ्लोरीनच पहिला (३.९८). दोन राशी वेगळ्या आहेत, एकीचं उत्तर दुसरीला देऊ नका.

१७. काही तक्त्यांत अरगॉनची त्रिज्या क्लोरीनपेक्षा जवळजवळ दुप्पट दिसते. छपाईची चूक का?

चूक नाही, माप वेगळं. क्लोरीनची त्रिज्या बंधानं जोडलेल्या दोन अणूंतल्या अंतराची निम्मी. अरगॉन बंध करत नाही, म्हणून नुसते टेकलेले अणू मोजले जातात. दोन्ही शेजारी छापणाऱ्यानं तळटीप द्यायला हवी होती.

१८. अरगॉन (३९.९५) पोटॅशिअमपेक्षा (३९.१०) जड आहे, तरी सारणीत आधी का?

आधुनिक सारणी अणुअंकावर रचलेली आहे, आणि अरगॉनचा १८, पोटॅशिअमचा १९. मेंडेलीव्हपुढे १८६९ मध्ये टेल्युरिअम आणि आयोडीनचा असाच पेच होता. त्यानं गुणधर्म पाहून टेल्युरिअम आधी ठेवलं आणि त्याचं अणुवस्तुमान चुकीचं मोजलं असणार, असं ठरवलं. जागा बरोबर, कारण चूक. खरं कारण १९१३ मध्ये हेन्री मोझली या भौतिकशास्त्रज्ञाच्या क्ष-किरणांच्या प्रयोगांतून मिळालं. हा माणूस १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत २७व्या वर्षी मारला गेला.

पण अरगॉन मुळात जड का? हे क्वचितच कुणी विचारतं, आणि मला तेच सगळ्यात आवडतं. पोटॅशिअममध्ये थोडंसं किरणोत्सारी पोटॅशिअम-४० असतं. त्याचा अर्धायुकाल (निम्मे अणू बदलून जायला लागणारा काळ) सुमारे १२५ कोटी वर्षं, आणि त्याच्या काही अणूंचं रूपांतर अरगॉन-४० मध्ये होतं. पृथ्वीच्या हवेतला जवळजवळ सगळा अरगॉन असा खडकांतून आलेला आहे. म्हणजे अरगॉनला जड केलं ते त्याच्याच शेजाऱ्यानं. ताऱ्यांमध्ये मुख्यतः अरगॉन-३६ असतो. तिथल्या हिशेबानं सारणी केली असती तर या जोडीचा पेच पडलाच नसता.

१९. गॅलिअम अ‍ॅल्युमिनिअमच्या खाली असूनही लहान कसा?

मधे आलेले १० डी-इलेक्ट्रॉन आडोसा नीट करत नाहीत, आणि १० प्रोटॉन मात्र पुरी ओढ लावतात. म्हणून अ‍ॅल्युमिनिअम १४३ आणि गॅलिअम १३५ पिकोमीटर. एफ-इलेक्ट्रॉन तर याहून कुचकामी. त्यामुळे झिर्कोनिअम (१६०) आणि त्याखालचं हाफ्निअम (१५९) आकारानं जवळजवळ जुळे, रसायनानंही. झिर्कोनिअमच्या खनिजांत लपून बसलेलं हाफ्निअम १९२३ पर्यंत सापडलं नाही.

२०. हायड्रोजन आणि हेलिअम नक्की कुठे बसतात?

हेलिअमचं सोपं: इलेक्ट्रॉन २ असले तरी कवच पूर्ण, वागणं राजवायूचं, म्हणून गण १८. हायड्रोजन गण १ मध्ये बसवतात, पण तो धातू नाही, हॅलोजनसारखा दोन अणूंचा रेणू करतो आणि सोडिअमबरोबर ऋण आयनही होतो. त्याला वेगळा चौकोन देणाऱ्यांशी माझं भांडण नाही.

२१. राजवायू संयुगं करत नाहीत, हे अजून लिहायचं का?

हेलिअम, निऑनपुरतं लिहा. १९६२ मध्ये बार्टलेटच्या लक्षात आलं, की प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड ऑक्सिजनच्या रेणूतूनही इलेक्ट्रॉन काढून घेतं, आणि झेनॉनची आयनीभवन ऊर्जा ऑक्सिजनच्या रेणूइतकीच, सुमारे ११७० किलोज्यूल प्रति मोल आहे. मग झेनॉनच का नको? दोन्ही वायू एकत्र सोडले आणि पिवळसर-नारिंगी घन पदार्थ तयार झाला. नवं यंत्र लागलं नाही, तक्त्यातले दोन आकडे शेजारी ठेवून पाहणारा माणूस लागला.

२२. ११८ वर सारणी संपली का? ११९वं मूलद्रव्य आलं तर कुठे बसेल?

११८व्या ओगानेसॉनपाशी सातवं आवर्त पूर्ण भरलं. या मूलद्रव्याला हे नाव २०१६ मध्ये मिळालं. ११९ साठी आठवी ओळ उघडावी लागेल आणि त्याची जागा गण १ मध्ये, फ्रान्सिअमच्या खाली. मात्र इतक्या जड केंद्रकाभोवती आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाशी तुलना होईल इतक्या वेगात असतात आणि प्रश्न ११ मधला साधा हिशेब डळमळतो. पाऱ्याचं द्रवरूप आणि सोन्याचा पिवळा रंग ही त्याच परिणामाची, आपल्याला आधीच ठाऊक असलेली उदाहरणं.